जुन्या भावाचा तांदूळ

माझ्या दुकानात माझ्या वडिलांना उधार मिळत नसे, कारण ते मागत नसत. आणि फुकट मिळत नसे, कारण ते घेत नसत. महिन्याच्या सुरुवातीला कचेरीतून पेन्शन हातात पडली की ते सरळ माझ्या पायरीशी येत, इतर गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहत आणि पाळी आली की उपरण्याची गाठ सोडून पैसे फळीवर ठेवत. मी पायली भरून वर शीग चढवली की ते वाकून तळहाताच्या कडेने ती शीग पाडत. वरचे दाणे पुन्हा माझ्या पोत्यात. "माप मापासारखं असावं," म्हणत. कल्याणच्या तांदूळबाजारात तोवर माझा दरारा झाला होता, आणि हा म्हातारा भर गिऱ्हाइकांत माझ्या मापावरून हात फिरवून जाई. माझ्या अंगाची आग होई.

आमच्या बाजारात मोठा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात. जितकी बोटं धरली तितके आणे समजायचे. भोवती दहा माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. या कामात मला सहसा कुणी हरवलेलं नाही. समोरचा हात घट्ट धरतो की सैल, तळवा कोरडा आहे की घामेजलेला, यावरून त्याला घाई किती ते मला समजतं, आणि ज्याला घाई तो हरतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्या सगळ्यांत मोठ्या सौद्यात मी हरलो त्यात समोरच्याला घाई अजिबात नव्हती आणि त्याचा हात रुमालाखाली कधी आलाच नाही.

वडिलांनी सारी उमर मिठाच्या खात्यात शिपाईगिरीत घालवली. कळव्याच्या बाजूला खाडीकाठी मिठागरं आहेत, त्यांच्या बांधावर पहारा. चोरीचं मीठ जाऊ नये म्हणून भरतीच्या पाण्यात उभं राहायचं. त्या खारट चिखलाने त्यांच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की कोकमतेल कितीही चोळलं तरी त्या मिटत नसत. पेन्शन झाली, आई गेली, तेव्हा ते कल्याणला आले आणि बंदराजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहिले. माझं घर बाजारपेठेत, तिथून हाकेच्या अंतरावर. पण तिथे ते राहायला येईनात.

कारण जुनं होतं. साहेबाच्या पाया पडून त्यांनी माझ्यासाठी त्याच खात्यात शिपायाचा पट्टा मिळवला होता आणि मी तो घेतला नाही. मराठी शाळा सोडली, बंदरावर जाऊन पडावांतली पोती उतरवली, मग एका दलालाच्या हाताखाली राहिलो, मग स्वतःचा गाळा घेतला. कुणी दमडी दिली नाही, कुणाची मेहेरबानी नाही. वडील एकदाच बोलले, "सरकारचा पट्टा झिडकारून तू पोतं उचललंस. आता त्या पोत्यातलं मी खाऊ होय?" त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही. सणावाराला जेवायला येत, आणि उठताना सुनेपुढे काहीतरी ठेवून जात.

"मामंजी, ही काय खाणावळ आहे?" ती म्हणे.

"नाही गं बाई, म्हणून तर रोज येत नाही."

तेव्हा वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. माझ्या दुकानात छतापर्यंत पोती लागलेली होती, पण माझ्या बापाच्या चुलीवर जे शिजे ते फक्त सरकारच्या चार रुपयांतून शिजे. त्या चारांतून खोलीचं भाडं जाई. कोकणात गावी माझी विधवा आत्या होती, तिला मनीऑर्डर जाई. उरलं त्यात तेल, सरपण, डाळ, तांदूळ. वडील नोकरीतून सुटले त्या साली जाडा तांदूळ तीन आण्यांना पायली होता. तेव्हा हे सगळं कसंबसं बसत होतं.

मग घाटावर पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. आमच्या खाडीपट्टीत भात पिकलं होतं, पण इथला तांदूळ आगगाडीत भरून घाट चढू लागला आणि भाव चढला तो उतरेना. पायली पाच आण्यांवर गेली. मी व्यापारी आहे. भाव चढल्यावर मी कमावलं, आणि त्याची लाज मला कालही वाटत नव्हती, आजही वाटत नाही. पण दर महिन्याला वडिलांच्या हातातलं गाठोडं लहान होत चाललेलं मला फळीमागून दिसत होतं. भाडं कमी होणार नव्हतं. आत्याची मनीऑर्डर ते कमी करणार नव्हते. कमी व्हायला एक तांदूळच उरला होता.

एका महिन्यात मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. तिथली रीत अशी: पेन्शनराने स्वतः हजर व्हायचं, तिजोरीच्या खिडकीशी उभं राहायचं, आणि कारकून दाखल्यावरच्या खुणा वाचून माणूस तोच आहे ना ते ताडून बघायचा. "उजव्या कानामागे तीळ," कारकून म्हणाला. वडिलांनी पागोटं सरकवून मान वळवली. बैलबाजारात बैलाचं तोंड वळवतात ना, तशी. कारकुनाने रुपये सरकवले. माणूस जिवंत आहे याची खातरी दर महिन्याला होते. तो कशावर जगतो हे विचारायची तिथे कुणाला गरज वाटत नाही.

आमच्या मागोमाग कचेरीतला पट्टेवाला खिडकीशी आला. त्याला पगाराबरोबर वर काही जास्त मिळालं. मी कारकुनाला विचारलं, "हे वरचे कसले?"

"धान्यभत्ता. धान्य ठरावीक भावापलीकडे महाग झालं की लहान पगाराच्या नोकरांना मिळतो."

"मग यांना?"

"हे नोकर नाहीत. पेन्शनर आहेत."

"पोट नोकरीबरोबर गळून पडतं काय हो?"

"दुकानदार, आवाज खाली. ही कचेरी आहे."

"भाव खाली आणा, मी आवाज खाली आणतो."

वडिलांनी माझं मनगट धरून मला ओढत बाहेर काढलं. पायऱ्यांवर म्हणाले, "माझी इज्जत घालवायला आला होतास?" त्यांच्या जागी आता बांधावर जो शिपाई उभा राहतो त्याला तो भत्ता मिळतो. तोच बांध, तोच चिखल, बाजारही तोच. फरक इतकाच की तो अजून उभा राहू शकतो आणि माझ्या बापाच्या टाचा फाटल्या आहेत. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

कल्याणात त्या वेळी लहान पेन्शनवाले बरेच होते. कुणी पोलिसातला, कुणी टपालातला, कुणी जंगलखात्यातला. मी त्यांना देवळाच्या ओट्यावर गोळा केलं. अर्ज लिहायला एक पेन्शनर कारकून पुढे आले. अक्षर मोत्यांसारखं, आणि भाषा नको तितकी नम्र. "हुजूर दयेचे सागर, आम्ही दीन लेकरे..."

"हे काय?" मी म्हटलं. "भीक मागायची आहे का?"

"अहो, अर्जाची ही पद्धतच आहे. सरकारला असंच लिहायचं असतं."

"असं लिहा. नोकरी केली तेव्हा अर्ध्या पोटावर केली, कारण म्हातारपणी पेन्शन आहे असं सांगितलं होतं. ती आमच्या मजुरीतलीच राखून ठेवलेली मजुरी. तेव्हा चार रुपयांत जेवढा तांदूळ येत होता तेवढा आता येत नाही. जो नोकरीत आहे त्याला तुम्ही हे कबूल करून भत्ता देता. आम्हालाही द्या. संपलं."

"एवढ्यात अर्ज होतो होय?" कारकून कळवळून म्हणाले. शेवटी तडजोड झाली. दयेचा सागर वर राहिला, माझं म्हणणं मधे आलं, आणि लेकरं मी खोडायला लावली.

जिल्ह्याचे साहेब थंडीत दौऱ्यावर येत आणि गावाबाहेर आमराईत त्यांचा तंबू पडे. अर्ज तिथे हातोहात द्यायचा ठरलं. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना बजावलं, "घरात जसे असता तसे या. मी सांगतो, सौद्याला जाणारा माणूस नटून गेला की समोरचा त्याचं ऐकण्याआधी त्याचे कपडे ऐकतो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी मी आमराईपाशी पोचलो आणि जागीच उभा राहिलो. लग्नाचं वऱ्हाड निघावं तशी मंडळी उभी होती. पोलिसातल्याने बिल्ला घासून चकचकीत केला होता. टपालातल्याने जावयाचं रेशीमकाठी उपरणं आणलं होतं. कारकुनांच्या खांद्यावर शाल होती, आणि ती कुणाची होती हे मला माहीत होतं, कारण ती ज्याची होती तो माझं गिऱ्हाईक होता. माझ्या वडिलांनी पागोटं नव्याने बांधून घेतलं होतं आणि भेगाळलेल्या पायांत जोडा घातला होता. जोडा चावत होता, पण चाल ताठ होती.

"हे काय सोंग?" मी दात खात विचारलं.

"साहेबापुढे फाटक्याने जायचं?" वडील म्हणाले. "आम्ही सरकारचे नोकर होतो, रे. तुझे हमाल नव्हतो."

साहेब तंबूबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मराठी बरं बोलत. अर्ज शिरस्तेदाराने मोठ्याने वाचला. साहेबांनी ऐकता ऐकता एकेकाकडे पाहिलं: बिल्ला, रेशीमकाठ, शाल. त्यांच्या नजरेत काय चाललं होतं ते मला रुमालाखालच्या बोटांसारखं कळत होतं. मग ते वडिलांपाशी थांबले, बहुधा तेच सगळ्यांत म्हातारे दिसले म्हणून.

"तुमची नोकरी कुठे झाली?"

"मीठ खात्यात, हुजूर."

"आता कसं चाललं आहे? पोटाला पुरतं?"

मी बाजूला उभा होतो. सगळा सौदा त्या एका प्रश्नावर आला होता. बोल, म्हातार्‍या, नाही म्हण. वडिलांनी टाचा जुळवल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकारच्या कृपेने सर्व खुशाल आहे, हुजूर."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो; त्याला खरंच आनंद झाला. "ऐकून बरं वाटलं," म्हणाले आणि अर्ज शिरस्तेदाराकडे परत गेला.

येताना वाटेभर मी ओरडत होतो. पोलिसातला मधे पडायला आला, त्यालाही मी सोडलं नाही. वडिलांनी जोडे काढून हातात घेतले होते आणि धुळीतून अनवाणी चालत होते.

"तुम्हाला विचारलं काय, तुम्ही सांगितलं काय?"

"साहेबाने खुशाली विचारली की काय म्हणायचं असतं ते मी म्हणालो. उभा जन्म तेच म्हणत आलो."

"आणि पोट?"

"पोटाचं गाऱ्हाणं असं चारचौघांत, साहेबापुढे, सांगायचं असतं होय?"

"मग गेलो होतो कशाला? आंबे बघायला?"

"थंडीत कुठले आंबे," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग पुढच्या पेन्शनच्या दिवसाआधी मी दुकानावर फळा लावला: पेन्शनर लोकांस पेन्शनच्या आठवड्यात जाडा तांदूळ तीन आणे पायली. वडील आले, फळा वाचला, आणि नेहमीसारखे मागे उभे राहिले. पाळी आल्यावर विचारलं, "हा भाव मला काय?"

"सगळ्या पेन्शनरांना."

"जंगलखात्यातल्यालाही?"

"त्यालाही."

"तो तर तुला शिव्या देतो."

"देऊ दे. तांदूळ घेताना तोंड बंद असतं."

त्यांनी मागे वळून बघितलं. खरंच तिथे टपालातला पिशवी घेऊन उभा होता. वडिलांचा इलाज चालेना. तीन आण्यांच्या भावाने त्यांनी तांदूळ घेतला, शीग मात्र पाडली. पण गाठोडं मोठं दिसू लागलं. बायको मला म्हणाली, "जरा चेहरा तरी हसरा करा, मामंजी पोटभर जेवतायत." मला हसू येत नव्हतं. जे देणं सरकारचं होतं ते मी भरत होतो, आणि लोक वाटेत अडवून मला दानशूर म्हणत होते. "दुकानदार, तुम्ही सरकारपेक्षा बरे," असं ते पेन्शनर कारकून एकदा म्हणाले. मी म्हटलं, "मला बरं म्हणू नका. सरकारला अर्ज लिहा."

लिहिला. या वेळी तोंडी काही नको म्हणून टपालाने पाठवला. उत्तर पावसाळा संपता संपता आलं. कारकुनांनी माझ्या पायरीवर बसून वाचलं, आणि मधेच त्यांनी कागद खाली केला. मी कागद ओढून घेतला. चौकशीअंती असे आढळून आले की कल्याण कसब्यात पेन्शनर लोकांस तांदूळ पूर्वीच्याच भावाने मिळतो; सबब अर्जदारांचे म्हणण्यास आधार नाही.

चौकशी करणारा माझ्या दुकानासमोर उभा राहून माझा फळा वाचून गेला होता. त्याने फळ्याखालची रांग बघितली असेल, मागची पोती बघितली असतील. हा तांदूळ कुणाच्या पदरचा आहे, एवढं विचारायला त्याला तोंड नव्हतं का? मी फळीवरची पायली उचलून भिंतीवर मारली. ती चेपली. अजून चेपलेलीच आहे.

बायको आतून आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता काय? भाव बंद केलात तर माणसं उपाशी, चालू ठेवलात तर सरकार मोकळं."

हेच. मला बाजारात कुणी असं धरलं नव्हतं. मी भाव बंद करून अर्ज पुन्हा करू शकत होतो, पण अर्जाला वर्ष लागतं आणि भूक संध्याकाळी लागते. ते वाट बघू शकत होते. मी बघू शकत नव्हतो, कारण माझ्या बाजूला माझा बाप होता. मी ठरवलं, भाव चालू ठेवायचा, सरकारला शिव्या देत ठेवायचा.

पेन्शनच्या दिवशी वडील आले. या वेळी रांगेत उभे राहिले नाहीत. सरळ पायरी चढून फळीपाशी आले. कारकुनांकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"तो फळा काढ."

"काढणार नाही."

"मला पाच आण्यांनी दे."

"देणार नाही. माझं दुकान, माझा भाव."

"अरे, तुझ्या त्या भावाने आमचं मागणं बुडालं. मी साहेबापुढे बोललो तेव्हा तू माझ्यावर ओरडलास. खुशाल आहे असं मी तोंडाने म्हणालो, तेच तू फळ्यावर लिहून ठेवलंयस."

हे मला लागलं. भोवती माणसं जमू लागली होती. टपालातला म्हणाला, "बाबा, तुमच्या बाणेदारपणापायी आमचं पोट मारू नका." जंगलखात्यातला त्याच्यावर डाफरला. मी वडिलांना फळीच्या आत बसवलं, खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. म्हटलं, "सौदा करायचा तर बाजाराच्या रीतीने करा. भाव बोटांनी सांगा. ठरेल तो आपल्या दोघांत राहील. लोकांना मी पाच आणे म्हणून सांगतो, फळाही काढतो. तुम्ही मात्र तीन द्या."

ते आयुष्यात पहिल्यांदाच असे बसले होते. रुमालाखाली त्यांनी माझा हात चाचपला आणि पाचही बोटं धरली. मी दोन बोटं आत दुमडली. त्यांनी ती ओढून बाहेर काढली आणि पुन्हा पंजा धरला. मी पुन्हा दुमडली. शाळा सोडली तेव्हा ज्या हाताने मला बंदरावरून कान धरून घरी नेलं होतं, तो हात. त्याची नुसती हाडं माझ्या बोटांना लागत होती, आणि तीन आण्यांचा तांदूळ इतके महिने खाऊनही तो भरला नव्हता. तेव्हा मला उमगलं की शिल्लक पडलेलं सगळं त्यांनी आत्याला पाठवलं होतं. भाव गावीही चढलेच होते.

"सोडा, बाबा," मी हळू म्हणालो.

"तू सोड. मला चोरून खायचं नाही. साहेबाने पुन्हा विचारलं तर मला खरं सांगता आलं पाहिजे."

हात कोरडा होता. पकड घट्ट होती. घाई कणभर नव्हती. मी बोटं उघडली.

पाच आण्यांनी त्यांनी तांदूळ नेला. फळा मी काढला. बाकीच्या पेन्शनरांनी मला नको ते ऐकवलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

थंडीत साहेबांचा तंबू पुन्हा आमराईत पडला. या खेपेस वडील घरातल्या धोतरात गेले, ठिगळासकट, अनवाणी, काठी टेकत. कारकूनही शाल न घेता उसवलेल्या बाराबंदीत आले; त्यांना ते फार जड गेलं, सारखे खाली बघत होते. साहेबांनी वडिलांना ओळखलं.

"हुजूर, पोटाला पुरत नाही," वडील विचारण्याआधीच म्हणाले.

"पण गेल्या साली तुम्ही खुशाल आहे म्हणालात."

"ती बोलायची रीत होती, हुजूर. हे खरं आहे."

साहेबांनी अर्ज शिरस्तेदाराकडून मागून घेतला. मग कागदावर काही टिपलं. "वर लिहितो," म्हणाले. येताना वाटेत मी त्यांच्या चालीने चालत होतो. वडीलच म्हणाले, "बोललो ना? आता ओरडू नकोस."

साहेबांनी काय लिहिलं, कुठे लिहिलं, कोण जाणे. पुढच्या पावसाळ्याआधी वडील गेले. दोन दिवसांचा ताप झाला. वैद्य म्हणाला, अंगात काही राहिलंच नव्हतं. खोलीत गाडग्यात थोडा तांदूळ होता, पाच आण्यांचा.

दाखला परत करायला मी कचेरीत गेलो. खिडकीवरचा तोच कारकून. त्याने मृत्यूची तारीख विचारली, लिहिली, आणि त्या तारखेपर्यंतचा हिशेब तिथल्या तिथे केला.

"त्या दिवसानंतरचं मिळायचं नाही," म्हणाला.

"तारीख बरोबर बघता तुम्ही."

"बघावीच लागते."

"मग भाव का बघत नाही?"

"ते माझ्या हातात नाही, दुकानदार." या वेळी त्याने आवाज खाली करा असं सांगितलं नाही.

आता माझ्या दुकानात पेन्शनरांना भाव बाजाराचाच आहे. चौकशी करणारा आला तर खुशाल लिहून नेऊ दे. माप मात्र मी त्यांना शिगेचं देतो, वर चढेल तेवढं. शीग कुठल्या चौकशीत लिहिली जात नाही. टपालातला, पोलिसातला, सगळे मुकाट्याने पिशवी पुढे धरतात. शिगेवर हात फिरवणारा एकच होता. दर थंडीला अर्ज जातो. आत्याला मनीऑर्डर मी पाठवतो आणि ती ठेवून घेते. यंदाचा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. त्यात दयेचा सागर नाही. साहेब बदलले, नवे आले आहेत. त्यांनी मला बोलावलं, खुशाली विचारली, तर मी काय सांगणार ते माझं ठरलेलं आहे.